लांब स्क्रू

सभेला निघण्याआधी गेनोवेफाने दाराशेजारची लाल पाटी उतरवली. ‘सोवतिस’, म्हणजे गावप्रमुख, एवढंच तिच्यावर लिहिलेलं होतं. पाटी पुसून तिने बाजाराच्या पिशवीत घातली. आज ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची आणि रविवारी लेकीबरोबर समुद्राकाठच्या ग्दिन्याला कायमचं राहायला जायचं. सामान बांधून तयार होतं.

एकाहत्तर वर्षांत तिने ओल्शांका गाव सोडलं नव्हतं. तिचं लग्न झालं त्या वर्षी सरकारने जिल्हेच मोडीत काढले आणि प्रांतांचे तुकडे केले. लेक कॉलेजात असताना जिल्हे परत आले, प्रांत पुन्हा मोठे झाले. घर तेच, विहीर तीच; पत्ता मात्र बदलत राहिला. जिल्हे परतले त्याच वर्षी गावाने तिला सोवतिस केलं. ‘एवढ्या खेपेला,’ असं म्हणून. दर निवडणुकीला गाव तेच म्हणत आलं.

अग्निशमन दलाच्या खोलीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुरुष बाहेर सिगारेटी ओढत थांबले होते. आत दिसलं की नाव सुचवलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक.

“नावं सांगा,” वरच्या कचेरीतून आलेला कारकून म्हणाला.

“लुचियान, तू हो,” दारातून डोकावणाऱ्या शेजाऱ्याला गेनोवेफा म्हणाली. “ट्रॅक्टर आहे, आवाज आहे.”

“आवाज बायकोपुढे निघत नाही, सोवतिसबाई. गावापुढे कुठला निघणार?”

“हालिना, मग तू?”

“अर्धं वर्ष मी जर्मनीत कामाला. तिथून इथल्या रस्त्यावरचा बर्फ काढू?”

कारकुनाने घसा खाकरला. “कुणीच उभं राहिलं नाही, तर हे गाव शेजारच्या झागुर्झेला जोडायचा विचार आहे.”

“झागुर्झेला!” लुचियान आत आला. “आपला बसथांबा आधी पळवतील ते!”

तो थांबा गेनोवेफाने कचेरीच्या पायऱ्या झिजवून मिळवला होता. म्हातारी पेलाग्या तिथूनच डायलिसिसला जायची. कुणीतरी केकची ताटली गेनोवेफापुढे सरकवली.

“गोड खाऊ घालून बांधता होय रे?”

“बांधायचं कशाला? पळून कुठे जाताय?” लुचियान हसला. “लेकीला म्हणावं, समुद्र काही आटत नाही.”

“म्हणजे पुन्हा तुमचंच नाव. तुम्हाला मान्य आहे का?” कारकुनाने गेनोवेफाला विचारलं.

‘नाही’ हा शब्द तिने वर्षभर घोटून ठेवला होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून पेलाग्या म्हणाली, “जा गं तू. मी बघेन माझं.”

गळ घालायला सगळं गाव होतं; सोडायला ही एकटी. गेनोवेफाने पिशवीवरची मूठ आवळली.

“मान्य.”

हात वर करायला बाहेरचे सगळे आत आले.

पाटी लावायला लुचियान स्वतः घरापर्यंत आला. जुन्या भोकांत स्क्रू नुसतेच फिरू लागले.

“भोकं सैल झालीत,” तो म्हणाला.

“मग राहायची नाही पाटी?” तिने घाईने विचारलं.

“राहील की.” त्याने खिशातून नवे, बोटाएवढे लांब स्क्रू काढले. सभेला येतानाच तो ते घेऊन आला होता.

आत फोन वाजत होता. लेकीचाच. पण पाटी धरायला दोन्ही हात लागत होते.

“सरळ धरा, सोवतिसबाई,” लुचियान म्हणाला.