पाइपातली शमी
आमच्या समोरच्या फ्लॅटमधले राजन टिपणीस बाल्कनीत एक झाड वाढवत होते. तेही कुंडीत नाही, ड्रेनेजच्या पाइपात! कामाच्या साइटवरून आणलेला तीन फुटी पाइप भिंतीला सुतळीने बांधलेला, आणि त्याच्या तोंडाशी वीतभर हिरवी काडी. दुबईच्या या सिलिकॉन ओएसिस वस्तीत बाकीचे लोक मनीप्लांट लावतात. हे म्हणे गाफ, इथल्या वाळवंटातलं झाड.

"आपली शमीच ती, वहिनी. आधी मूळ खाली सोडते, मग वर बघते. कुंडीत गुदमरेल."

नऊ वर्षांच्या शेजारात ते एवढं पहिल्यांदाच बोलले. त्यांची बायको, कमलिनी, आम्ही राहायला येण्याआधीच गेलेली. मुलगी मेलबर्नला. लिफ्टमध्ये नुसती मान हलवायचे. घरात आम्ही त्यांना घुमेकाका म्हणायचो. या माणसाला माणसं आवडत नाहीत, हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

ते बोलले, कारण किल्ली द्यायची होती. नोव्हेंबरअखेर त्यांची नोकरी संपणार, व्हिसाही संपणार. सत्तावीस वर्षं खलास. पुण्यात घर बघायला ते दहा दिवस चालले होते. दुबई कायमची सोडण्याआधी रोप जमिनीत लावायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना या देशात करायची उरली होती. अल ऐन रोडवरच्या नर्सरीतल्या रफिकने थंडीत कुंपणाच्या आत जागा देतो म्हटलं होतं, पण रोप जोमदार हवं. पाच बियांतलं हे एकच जगलेलं.

"एकदाच पाणी घाला. दया करू नका."

दया कसली करते! मधेच गणपती आले. बर दुबईच्या बाजारातून आणलेल्या पत्रीच्या पाकिटात शमी नव्हती. म्हटलं, समोर तर आहे. चार पानं घ्यायला गेले आणि देवाच्या नावाखाली पाइपात नुसती काडीच उरली.

"मॉम, डिड यू आस्क अंकल?" माझ्या मुलाने, वेदांगने विचारलं. मी त्याला गप्प बसवलं. तीन दिवसांनी ती काडी टोकाकडून वाळायला लागली.

ते परतले त्या संध्याकाळी मी डब्यात मोदक घेऊन गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. ते बाल्कनीत गेले, पाइपाशी उकिडवे बसले. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"वाहिलीत ना गणपतीला?"

"हो."

"मग बरं झालं. तुमच्या गणपतीला माझ्या घरातून काहीतरी गेलं."

दरवर्षी आमच्याकडे दीड दिवसात पन्नास माणसं जेवून जात. समोरच्या दारापर्यंत आरतीचा आवाज जायचाच. तबक मात्र कधी गेलं नव्हतं.

मी त्याच आठवड्यात रफिकला फोन लावला. तो हसला. "मॅडम, इसको तो ऊंट भी खाता है. फिर आ जाता है. जड सलामत है ना? बस." मी रोज सकाळी जाऊन त्या काडीकडे बघायचे. टिपणीस चहा करायचे, मी प्यायचे. ऑक्टोबरच्या मध्याला बुंध्याशी दोन हिरवे ठिपके दिसले, तेव्हा त्यांनी माझ्या दाराची बेल वाजवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही रफिकच्या नर्सरीत पाइप उभा चिरून रोप लावलं. मूळ तळापर्यंत पोचलं होतं. रविवारी टिपणीस गेले.

आता त्यांचा पुण्याहून फोन येतो. "पाणी घालू नका हं जास्त."

"नाही घालत. नुसती बसून येते."

खरंच जाते. महिन्यातून एकदा, पाऊण तास गाडी चालवत. समोरचं दार आठ पावलांवर होतं.