शिक्षक पॉलिसीत बसत नाही

छापून आलेली बातमी मी दुसऱ्या दिवशी विसरतो. संपादकाने कापलेल्या ओळी मात्र डोक्यात साचत जातात, गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्यांसारख्या. फेकवत नाहीत, आणि बायको रोज विचारते, ह्यांचं काय करायचं? भांडुपच्या डोंगरावरच्या एका छोट्या शाळेवर मी भलीमोठी बातमी दिली होती. छापला फक्त फोटो! उरलेलं हे.

मामला साधा होता. शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, म्हणून सातवी झाली की कितीतरी मुली घरीच बसायच्या. मुख्याध्यापिका राणेबाई मालवणच्या. त्यांनी भांडभांडून आठवीची मान्यता आणली. अट एकच, शिक्षक तुमचा तुम्ही बघा. वर्षभरात मिळाला नाही, तर वर्ग बंद.

नेमकं तेव्हाच युरोपातल्या एका श्रीमंत देशाने जाहीर केलं, की आमच्या परदेशी मदतीच्या धोरणात शिक्षणाचा हक्क सगळ्यात वर! बाई खूश. मीही खूश. वय झालं तरी माणूस सुधारत नाही.

* * *

ही मदत इथे वाटणाऱ्या संस्थेचं ऑफिस मरोळला. तिथला प्रोजेक्ट मॅनेजर निखिल. गळ्यात आयकार्ड, स्वभावाने गोड, एसी इतका थंड की बाई पदर लपेटून बसल्या.

“बाळा, आठवीक एक शिक्षक दी.”

“बाई, शिक्षक म्हणजे पगार. पगार पॉलिसीत बसत नाही. ती सरकारची जबाबदारी.”

“मग बसता काय?”

“शिक्षकाचं ट्रेनिंग बसतं!”

“अरे, शिक्षकच नाय, तर ट्रेनिंग भिंतीक देव?”

निखिलने लॅपटॉपवर पॉलिसी चाळली. मग म्हणाला, “भिंत बसते. पेंटिंग करू शकतो.”

आणि केलं! आठवीच्या रिकाम्या खोलीबाहेर झकास रंगात लिहिलं, ‘शिकणे माझा हक्क’. बाजूला त्या देशाचा झेंडा. हाच तो छापून आलेला फोटो.

* * *

ट्रेनिंगही सोडलं नाही. आठवीला शिक्षक नाही म्हणून बाकीच्या शिक्षकांना उचलून अंधेरीच्या हॉटेलात नेलं. विषय होता, मुलं शाळेत का टिकत नाहीत. इकडे पहिलीपासून आठवीपर्यंत सगळी शाळा एकट्या बाईंच्या अंगावर.

मी फोन केला. “बाई, कसं चाललंय?”

“आधी एकाच वर्गाक मास्तर नव्हतो,” मागे पोरांचा नुसता कल्ला, “आता समानता इली!”

* * *

मग सर्व्हे. आदल्या वर्षी सातवीनंतर घरी बसलेल्या मुलींना विचारायचं, शाळा का सोडली? सर्व्हेवाली पोरगी टॅब घेऊन एका घरात बसली. मीही मागोमाग होतोच.

मुलगी म्हणाली, “सोडली कुठे? सातवी झाली. पुढे वर्गच नव्हता.”

टॅबवर पर्याय होते गरिबी, लग्न, आजार, पालकांची मानसिकता. ‘वर्गच नव्हता’ हा पर्याय कुणाला सुचलाच नव्हता. कुठलं तरी बटण दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडेना. सर्व्हेवालीने पालकांची मानसिकता दाबलं, आणि वर तसं सांगितलंही!

आई ओट्यावरून लाटणं घेऊनच आली. “वर्ग तुमचो नाय, आणि मानसिकता माझी वायट? ऊठ हयसून!”

अहवालाचा निष्कर्ष, वस्तीतल्या आयांचं प्रबोधन गरजेचं आहे. पहिल्या शिबिराला याच आईला बोलावणं आलं. ती गेली. परत आल्यावर मी विचारलं, काय शिकवलं?

“वडो बरो होतो,” ती म्हणाली.

* * *

माझं डोकं फिरलं ते त्यांच्या प्रेस कॉन्फरन्समध्ये. विमानतळाजवळचं पंचतारांकित हॉटेल. त्या देशातून आलेले साहेब सांगत होते, प्रत्येक मुलाचा हक्क आम्ही पवित्र मानतो. मी उभा राहिलो. हक्क पवित्र, मग आठवीला शिकवणार कोण?

“व्हेरी गुड क्वेश्चन,” म्हणाले आणि दुसरंच बोलले.

मी पुन्हा विचारलं. “एक्सलंट क्वेश्चन!”

तिसऱ्यांदा विचारलं. “ब्रिलियंट क्वेश्चन!”

“साहेब,” मी म्हणालो, “प्रश्नाला प्रमोशनवर प्रमोशन मिळतंय. उत्तर कधी जॉइन होणार?”

सगळे वार्ताहर हसले. साहेबही हसले आणि जेवण लागल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात मथळा, ‘पत्रकारांशी दिलखुलास संवाद’. मी संपादकाशी बोलणं टाकलं. त्याला ते बऱ्याच उशिरा कळलं.

* * *

तेवढ्यात तिकडे निवडणूक झाली, सरकार बदललं, पॉलिसी फिरली. बाईंना निखिलचा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो.

“बाई, वाट लागली. शिक्षण खाली गेलं. आता क्लायमेट वर आलंय.”

“कोणी ठरवलान?”

“तिकडच्या लोकांनी. मतदान झालं ना.”

“मतां त्येंनी टाकली आणि वर्ग आमचो बंद?” बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “क्लायमेट व्हया? वारो फिरलो की कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचो वास आमच्या फळ्यापर्यंत येता. ये, नाकान मोज!”

* * *

वर्ग मात्र बाईंनी चालवला. कसा? नियम एकच. जो कोणी डोंगर चढून येईल, त्याने आठवीवर एक तास घ्यायचा. नगरसेवकाचा पुतण्या, गॅस एजन्सीचा मॅनेजर, बँकेतून रिटायर झालेले आजोबा, कोणीही सुटलं नाही. मी बातमीसाठी गेलो, तर नमस्काराआधी हातात खडू. मी नागरिकशास्त्र घेतलं, आणि हक्कांवर आलो तेव्हा आवाज असा चढला की शेजारची पहिली रडायला लागली!

अशात प्रोजेक्ट गुंडाळण्याआधीच्या शेवटच्या पाहणीला त्या देशाच्या एक मोठ्या मॅडम आल्या. सोबत निखिल. मॅडमनी भिंतीवरचा झेंडा पाहिला, फोटो काढला, आणि वळल्या तर समोर बाई, खडू पुढे करून.

निखिल मध्ये धावला. “बाई, हे शेड्यूलमध्ये नाही!”

“शिक्षक तरी खय आसा?”

मॅडमना वाटलं, काहीतरी स्थानिक प्रथा असावी. त्यांनी खडू घेतला. अपूर्णांक घेतले. फळ्यावर गोल काढला, पोरी ओरडल्या “भाकरी!” आणि मॅडम अशा रंगल्या की बाह्या सरसावून भाकरीचे तुकडे करत बसल्या. खोटं कशाला बोलू, शिकवलं फर्स्ट क्लास. जाताना हौसेने गृहपाठही दिला.

सगळे खाली गाडीपाशी आलो. तेवढ्यात आठवीतली सायली धावत आली, वही छातीशी धरून.

“मॅडम, गृहपाठ तपासायला कधी येणार?”

मॅडमनी निखिलकडे पाहिलं. “व्हॉट इज शी सेइंग?”

निखिलने कपाळ पुसलं. “शी इज सेइंग थँक यू, मॅम.”

मॅडमचे डोळे भरून आले. सायलीचा गाल थोपटून म्हणाल्या, “यू आर सो वेलकम!” दार लागलं. गाडी उतारावरून निघाली.

सायली माझ्याकडे वळली.

“काका, वेलकम ठीक आहे. पण कधी?”