उचललेला फोन

इंदूरच्या नोकरीत मी बरीच प्रेतं पाहिली, पण एका फोनमधून ऐकलेला श्वास मला अजून विसरता आलेला नाही.

कोरोनाची दुसरी लाट होती. मल्हारगंजातल्या एक बाई आमच्या पोलीस थान्यावर आल्या. त्यांचे पती दवाखान्यात वारले होते. सामान परत मिळालं, त्यात मोबाईल नव्हता.

"चोरीची रिपोर्ट लिहायची?" मी विचारलं.

"नाही साहेब. ते जिंदा आहेत. संध्याकाळी मी फोन लावते, ते उचलतात. बोलत नाहीत, बस श्वास ऐकू येतो."

मी दवाखान्यात चौकशी केली. मृत्यूची नोंद पक्की होती. बाईंच्या दिराने चेहरा पाहून प्रेत ओळखलं होतं.

संध्याकाळी मी बाईंना माझ्यासमोरच फोन लावायला सांगितला. पलीकडून उचलला गेला. स्पीकरवर कोणीतरी जड श्वास घेत होतं.

"अहो, जेवलात का?" बाईंनी विचारलं.

श्वास थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"बघा साहेब," बाई हळूच म्हणाल्या, "जेवणाचं विचारलं की असंच होतं." माझ्या हवालदाराने खुर्ची मागे सरकवली.

सायबर सेलने लोकेशन काढलं. तुकोगंजमधली एक इमारत निघाली. दार उघडणारा माणूस अगदी खंगलेला होता. नोकरीसाठी पुण्याहून आलेला, एकटा राहणारा, नुकताच त्याच दवाखान्यातून सुटलेला. मोबाईल त्याच्या उशाशी चार्जिंगला लावलेला होता.

थान्यावर तो आधी म्हणाला, मोबाईल माझ्या सामानात चुकून आला. चोर सिम काढून फेकतो, हे मला ठाऊक होतं. हा रोज चार्ज करत होता.

"बोलायचं नाही, तर उचलता कशाला?" मी विचारलं.

त्याने टेबलावरचा मोबाईल पालथा ठेवला. मग बोलू लागला.

"आमचे पलंग शेजारी होते, सर. माझा ऑक्सिजनचा सिलिंडर संपला. नर्स दुसरा आणायला धावली. काकांना झोप लागली होती. मी त्यांची नळी काढून माझ्या मास्कला लावली. ते जागे झाले. बोलता येत नव्हतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला, मी बोलावं म्हणून. मी घेतला आणि माझ्या उशीखाली दाबला." मग म्हणाला, "तेव्हा उचलला नाही, म्हणून आता उचलतो."

दवाखान्यातल्या कॅमेऱ्यात काही मिळालं नाही. तसंही ते वाचले नसते, असं डॉक्टरांचं मत पडलं. गुन्हा फक्त मोबाईल चोरीचा दाखल झाला.

बाईंनी त्याला भेटायचा हट्ट धरला. त्याने मान खाली घालून त्यांना सगळं सांगितलं. त्या शिव्या देतील, मारतील, म्हणून मी महिला शिपाई जवळ उभी केली होती.

बाईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही बरे झालात ना पूर्ण?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. तो माणूस खुर्चीवरून घसरून फरशीवर बसला.

जीव वाचवायला माणूस काय काय करतो, ते त्या दिवसांत सगळ्या शहराने पाहिलं. वाचलेल्या जिवाचं पुढे काय होतं, ते मी त्या खोलीत पाहिलं. कायद्याने त्याला लगेच जामीन दिला. खोलीच्या दाराशी मात्र तो बराच वेळ थांबून राहिला. "जा आता," असं मला त्याला दोनदा सांगावं लागलं.