वेस्नाचं टेंगूळ

बर्फावरच्या हॉकीचा सामना बघून आलेल्या ओरिसिया सावचुकला कोण जिंकलं हे विचारण्यात अर्थ नसे. तिला ते माहीतच नसायचं. ती काळी रबरी चकती कुठे चालली आहे, तिच्यामागे कोण धावतंय, याकडे ती कधी बघायचीच नाही. ती बघायची खेळाडूंचे गुडघे, घोटे, आणि बुटाच्या पात्याची कुठली कड बर्फात रुतली आहे ते. रिंकवरचं, म्हणजे बर्फाच्या मैदानावरचं, कँटीन चालवणारी डॉट आतून ओरडून विचारायची, "गोल कुणी केला गं?" तर हिचं उत्तर, "त्या निळ्या मोज्यांनी. पण उजव्या अंगावर थांबायला घाबरतो मेला."

कॅनडातल्या या वेस्ना गावात आभाळाला टेकलेल्या दोनच गोष्टी होत्या, धान्याचं कोठार आणि रिंकचं छप्पर. बाकी सगळं सपाट, आणि वर्षातले निम्मे महिने पांढरं. ओरिसिया इथेच मोठ्या भावाच्या बुटांत मोज्यांचे बोळे कोंबून बर्फावर उभी राहिली होती. पुढे नाचाचं स्केटिंग शिकायला सास्काटून शहरात गेली, आणि दोन हिवाळ्यांत परत येऊन पोस्टात चिकटली. परत का आलीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तिथला बर्फ फार गुळगुळीत होता." लोकांना ती थट्टा वाटायची.

तेव्हापासून पोस्ट उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर तिनं गावातल्या प्रत्येक मुलाला बर्फावर चालतं केलं. त्यातली काही हॉकीत पुढे गेली, आणि मोठ्या क्लबांचे लोक मुलं हेरायला आले की तिचं मत विचारू लागले. तिची मतं दोनच. "तयार आहे" किंवा "अजून नाही." तिसरं मत तिनं कधी दिलं नाही. तिचं "अजून नाही" तर गावाच्या तोंडी बसलं होतं. बोर्श्टच्या सारात बीट शिजलं नसेल तर अजून नाही. डॉटची मुलगी पहिल्यांदा एका मुलाला घरी घेऊन आली तेव्हा डॉट त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून स्वयंपाकघरात येऊन म्हणाली होती, "अजून नाही." तोच आता तिचा जावई आहे.

त्या मार्चमध्ये प्रश्न होता जॅरेट होलुबचा. अठरा वर्षांचा, तासाभराच्या अंतरावरच्या शहरात ज्युनियर संघाकडून खेळणारा. पूर्वेकडच्या एका व्यावसायिक क्लबला ठरवायचं होतं, त्याला या शरद ऋतूत शिबिराला बोलावून करार करायचा, की अजून एक वर्ष आहे तिथेच ठेवायचं. चार वर्षांचा असताना तो ओरिसियाच्या कोटाचं टोक धरून बर्फावर आला होता. आता तिच्या शब्दावर त्याचं वर्ष अडलं होतं, आणि हे गावाला पक्कं ठाऊक होतं.

"हो म्हणून टाक ना," न्हावी म्हणाला. "म्हातारपणी टीव्हीवर ओळखीचा चेहरा दिसेल."

"तुझ्या म्हातारपणाला काय धाड भरलीय? कधीच आलंय ते," ओरिसिया म्हणाली.

क्लबनं रेजिस थिबो नावाच्या माणसाला पाठवलं होतं. फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेककडचा, पस्तिशीचा, अदबीनं बोलणारा, आणि थर्मासशिवाय न हलणारा. दोघं शहरातल्या रिंकमध्ये अगदी वरच्या रांगेत बसले. खाली जॅरेट खेळत होता. सुटल्यावरची पहिली तीन पावलं झपाझप, गुडघे खोल वाकलेले, उलटं वळताना खांदे स्थिर. ओरिसियाच्या मनात शब्द तयार झालाच होता.

"मादाम, त्याचे पाय फार सुंदर आहेत," रेजिस म्हणाला. "पण तो त्या कोपऱ्यात उडी का मारतो?"

"कुठली उडी?"

"खेळाडूंच्या बाकासमोरचा तो डावा कोपरा. वळायच्या आधी पाऊल उचलतो. उंबरा ओलांडल्यासारखं."

ओरिसियानं बघितलं. जॅरेट पुन्हा त्या कोपऱ्यातून गेला. "वळतोय तो. कोपरा आला की माणूस वळणारच."

"बाकीच्या तीन कोपऱ्यांत असा नाही वळत."

त्यानं मोबाइलवर टिपलेलं दाखवलं, अगदी सावकाश करून. ओरिसियानं चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. "हे? याला तू उडी म्हणतोस? कोपऱ्यात असंच जातात."

"कुठे असंच जातात, मादाम?"

"सगळीकडे."

"आमच्याकडे तरी नाही."

"म्हणूनच तुमच्याकडची मुलं कोपऱ्यात आपटतात."

रेजिस हसला, पण हटला नाही. मोठ्यांच्या खेळात तेवढ्या अर्ध्या क्षणात मागचा गडी अंगावर येतो, तो म्हणाला. पाऊल हवेत असताना धक्का बसला तर पोरगा सरळ कठड्यावरच्या काचेवर जाईल. खेळ जाईल, कदाचित खांदाही. "तुम्हाला उडी दिसत नसेल तर मी काय समजू? उत्तर मला येत्या शनिवारी कळवायचंय."

तुला दिसत नाही, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च सुटल्यावर सगळं वेस्ना रिंकवर येतं. भोंग्यावर पोल्का नाचाची धून लागते आणि लहानथोर गोल गोल फिरतात. ओरिसिया एरवी मुलांची रांग मागे घेऊन सगळ्यांच्या पुढे असायची. पण त्या दिवशी कँटीनमध्ये पिरोग्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत होत्या आणि डॉटनं तिला बूट घालू दिले नाहीत. "पिरोग्यांना इतकी गर्दी आहे आणि मला दोनच हात. कांदा परतून दे, मग जा मिरवायला."

म्हणून ओरिसिया कँटीनच्या खिडकीशी उलथनं घेऊन उभी राहिली. खिडकीसमोर नेमका तोच कोपरा, खेळाडूंच्या बाकासमोरचा डावा.

पहिल्यांदा आले फादर बोहदान. झग्यावर जाकीट, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर प्रवचनाचं गांभीर्य. कोपऱ्यापाशी येताच त्यांनी पाऊल अलगद उचललं, पुढे टेकवलं, आणि त्याच गांभीर्यानं निघून गेले. मागून न्हावी. टुप. मागून नवं लग्न झालेलं जोडपं, हातात हात. दोघं एकदम, टुप. मग डॉटची नात, तांबडी लोकरी टोपी घालून. मग मुलांचा सबंध घोळका, बेडकांच्या पिलांसारखा. जणू तिथे कुणाचं तरी मांजर झोपलं होतं आणि अख्खं गाव त्याची झोप न मोडता पलीकडे जात होतं.

ओरिसियाला आधी हसू फुटलं, मग आवरेना. ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"कांदा जळतोय आणि ही दात काढतेय," डॉट ओरडली.

"डॉट, तो कोपरा बघ."

डॉटनं मान लांब केली. "काय झालं? सगळी नीट तर जाताहेत."

खिडकीच्या पलीकडे, उत्तरासाठी गावातच थांबलेला रेजिस तोंडात पिरोगी धरून उभा होता. त्यानं घास गिळला. "आता दिसलं, मादाम?"

"दिसलं रे बाबा. ते टेंगूळ आहे."

मग तिनं त्याला सांगितलं. जुन्या छपराचा सांधा नेमका त्या कोपऱ्यावर गळायचा. दुपारी थेंब पडायचे, रात्री गोठायचे, आणि सकाळी बर्फाच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ. पुरुष खरवडून काढायचे, ते पुन्हा यायचं. गावातलं पोर चालायला लागलं की पहिली गोष्ट शिकायचं ती टेंगळावरून पाय उचलायची. बाहेरगावच्या संघांना हे कुणी सांगत नसे.

"त्यांचे दात आम्ही डबीत जमवले असते तर माळ झाली असती," डॉट म्हणाली. "मग हिवाळ्यामागून हिवाळे पिरोग्या लाटल्या, विकल्या, तेव्हा नवं छप्पर आलं."

"कधी गं आलं छप्पर?" ओरिसियानं विचारलं. तिचं हसणं थांबलं होतं.

"माझ्या नीनाच्या लग्नाच्या वर्षी. जॅरेटच्या आईचं तर तेव्हा ठरलंही नव्हतं."

म्हणजे जॅरेटनं टेंगूळ कधी बघितलंच नव्हतं.

"आणि फादर?" रेजिसनं विचारलं.

"ते तर परवा परवा आले इथे. बर्फावर उभं राहताही येत नव्हतं त्यांना."

"मग त्यांना शिकवलं कुणी?"

डॉटनं नुसतं ओरिसियाकडे बघितलं. मुलं असोत की फादर, ओरिसियाची शिकवण्याची रीत एकच होती. ती पुढे जायची आणि म्हणायची, "माझ्या पायांकडे बघा."

तिनं उलथनं डॉटच्या हातात दिलं, बूट चढवले आणि बर्फावर उतरली. या वेळी उचलायचं नाही, असं स्वतःला बजावत कोपऱ्यापाशी आली. पाऊल उचललं गेलं. पुन्हा फिरून आली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी फादर तिच्या शेजारून गेले आणि दोघं एकदमच उडाले. फादरनं अदबीनं मान लववली.

जॅरेट बुधवारी सुट्टीवर घरी आला, तसं तिनं त्याला रिंकवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. आधी तो हसला. "कोच, तुमची गंमत चाललीय." मग कोपऱ्यातून गेला, आणि पाऊल हवेत असतानाच त्याला ते कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

"म्हणजे मी तयार नाही?"

ते दोन शब्द तिच्या जिभेवरच होते. हजारदा उच्चारून गुळगुळीत झालेले. त्या दिवशी मात्र ते तोंडातून बाहेर पडेनात. याच्या पायात खोट असती तर ती सहज बोलली असती. ही तर तिनं आपल्या हातानं पेरलेली होती.

"उद्या सकाळी ये," ती एवढंच म्हणाली.

सकाळी ती किल्ली घेऊन आली तर रिंकचं दार आधीच उघडं. आत दिवे लागलेले. कोपऱ्यात जॅरेट उकिडवा बसला होता, आणि डॉट घरातल्या चपलांवर, अंगात कोट, हातात वाफाळती किटली घेऊन उभी.

"मला काही विचारू नकोस," डॉट म्हणाली. "हा पोरगा पहाटे दार वाजवत आला. म्हणे, टेंगूळ कसं असायचं ते दाखवा. जे घालवायला माझे हात पिठात गेले, ते आज मीच घालतेय. गाव मला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकेल."

जॅरेटनं वर बघितलं. "मी ते कधी बघितलंच नाही, कोच. बघितल्याशिवाय विसरू कसं?"

थोडं पाणी ओतायचं, गोठू द्यायचं, वर पुन्हा ओतायचं. तिघांनी मिळून कोपऱ्यात ओंजळीएवढं टेंगूळ उभं केलं. ओरिसियानं ते तळव्यानं चाचपलं. अगदी तसंच, एका बाजूला कललेलं.

"आता याच्यावरून जा. उडायचं नाही. गुडघा वाकव, आणखी वाकव. पोटातलं पाणी हलू न देता पातं वरून जाऊ दे."

पहिल्यांदा तो उडाला. दुसऱ्यांदा उडाला नाही, पण पाठीवर पडून कठड्यापर्यंत घसरत गेला. डॉट म्हणाली, "पाहुणा संघ आला गं." रेजिस केव्हातरी येऊन बाकावर बसला होता, थर्मासचं झाकण हातात तसंच. जॅरेट पडत राहिला, आणि प्रत्येक वेळी उठून हसत राहिला. दुपारपर्यंत त्याचं पातं त्या टेंगळावरून असं गेलं, जशी बोट लाटेवरून जाते. मग त्यांनी टेंगूळ खरवडून काढलं. सपाट बर्फावरून तो खाली वाकून, जमिनीला धरून गेला. पुढच्या फेरीला उडाला. त्यापुढच्या दोन फेऱ्या पुन्हा जमिनीला धरून.

रेजिस कठड्याशी आला. "मादाम, मी काय कळवू?"

"तयार आहे."

"पण अजून मधूनच उडतो."

"उडतो. त्यांना सांग, उडी माझी आहे, त्याची नव्हे. त्याची ती किटली."

रेजिसनं बर्फावर कलंडलेल्या किटलीकडे बघितलं. "किटलीचंही कळवू?"

"कळव की. पहाटे उठून ती मागायला गेला, तेच तर महत्त्वाचं आहे."

आठवडा जायच्या आत क्लबचा फोन आला. शरद ऋतूत शिबिर, आणि जमलं तर करार. बातमी जॅरेटच्या आईआधी न्हाव्याला कळली, आणि न्हाव्यामुळे सगळ्यांना. त्या रविवारी डॉटनं पिरोग्या फुकट वाटल्या, आणि संपल्यावर लोकांना सांगितलं की आता घरी जाऊन जेवा. जॅरेटला कुणीतरी खांद्यावर घेऊ बघत होतं, तो बर्फावरून पळत होता. रेजिसनं जाण्याआधी स्केट्स भाड्यानं घेतले आणि दोन फेऱ्या मारल्या. कोपऱ्यात तो सरळ गेला. त्याच्याकडे सगळ्यांनी किंचित कीव येऊन बघितलं.

ओरिसिया पुन्हा मुलांची रांग मागे घेऊन निघाली. सगळ्यात लहान मुलीनं तिच्या कोटाचं टोक घट्ट धरलं होतं. "आज माझ्या पायांकडे बघायचं नाही," तिनं बजावलं. "त्या समोरच्या घड्याळाकडे बघा." मुलं शहाण्यासारखी घड्याळाकडे बघायला लागली. कोपरा जवळ आला. तिनं गुडघा वाकवला, आणखी वाकवला, श्वास धरला.

टुप.

आणि मागून, एकामागून एक, रांगभर टुप टुप टुप.

खिडकीतून डॉटनं हाक मारली, "काय गं, जमलं का?"

ओरिसिया वळण घेऊन पुढे निघाली होती. मागे न बघताच तिनं हात हलवला.

"अजून नाही."