तिकिटाची पाळी

सुभद्राबाईंनी तिकिटं काढली आणि त्या गाडीत चढल्याच नाहीत, तेव्हा माझं त्यांच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. १९५५ चा मार्च असावा. माझी नुकतीच या वाडीच्या शाळेवर बदली झाली होती. गाडी सुटली, तरी बाई कनवटीला तिकिटं खोचून उभ्याच. मला वाटलं, चुकली बिचारीची गाडी.

"चुकली न्हाई गुरुजी," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायाचंय? आज ज्योतीरामाच्या घरची पाळी. त्येंच्यात सुतक हाय, म्हून मी काढली."

चिंचवड आणि तळेगावच्या मधला हा आमचा थांबा. मातीचा फलाट आणि पत्र्याची एक खोपी, इतकंच. खोपीत नूरमोहम्मद कमिशनवर तिकिटं विकत असे. रेल्वेनं थांबा परीक्षेवर दिला होता. रोज तीस तिकिटं खपली नाहीत, तर तो बंद होणार होता. खरे उतारू पंधरा-सोळा, तेही बहुतेक मंडईत भाजी नेणाऱ्या बाया. थांबा नव्हता तेव्हा याच बाया डोक्यावर पाट्या घेऊन अंधारात चिंचवडपर्यंत चालत जात. सुभद्राबाईंची मान त्या चालण्यानं कायमची डावीकडे कलली होती.

म्हणून त्यांनी पाळी लावली. देवळातल्या दिव्याच्या तेलाची घराघरांत पाळी असते, तशीच तिकिटाची. ज्याची पाळी त्यानं चिंचवडची तिकिटं काढायची आणि घरी यायचं. पाळ्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून द्या, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहून दिली.

"आक्का, एवढी तिकिटं कुणासाठी? कोंबड्या बसवताय काय गाडीत?" नूरमोहम्मद विचारी.

"तुजं कमिशन वाढतंय न्हवं? मंग गप फाड."

सुभद्राबाईंना काठावरचं काही चालत नसे. मेथीच्या जुडीतसुद्धा त्या दोन काड्या वर घालत. तीस पुरली असती, तिथं त्यांनी रोजची चाळीस-पंचेचाळीस ठेवली. हातचं राखून काही करणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

दोन वर्षांनी पुण्याहून एक नकाशावाले साहेब आले. पलीकडे कारखाने उभे राहत होते आणि कामगारांच्या वस्तीसाठी जागा हवी होती. त्यांनी शाळेत माझ्या टेबलावर नकाशा पसरला, थांब्यावर कंपासचं टोक रोवलं आणि एक वर्तुळ काढलं. गाडीपर्यंत चालत जाता येईल एवढ्या अंतरात पाच हजार माणसं राहतील, म्हणाले. जमिनीचा भाव वाढेल, त्या वाढलेल्या भावानं प्लॉट विकायचे आणि त्यातूनच रस्ता, नळ, मोठा फलाट करायचा. मृदू बोलणारा माणूस होता. मला त्यांचं म्हणणं पटतही होतं.

"पस्तीस उंबऱ्यांची वाडी आणि रोजची पंचेचाळीस तिकिटं!" ते म्हणाले. "एवढी वर्दळ आजूबाजूच्या एकाही थांब्यावर नाही. म्हणून तर ही जागा निवडली. आकडा बरोबर आहे ना?"

वर्गात सगळी वाडी बसली होती. सगळे सुभद्राबाईंकडे पाहू लागले. त्यांचा दीड एकराचा मळा थांब्याला लागूनच होता, वर्तुळाच्या अगदी पोटात. मी खाली पाहिलं.

"बरुबर हाय, सायेब," त्या म्हणाल्या.

मग जमीन मोजणारे साखळीवाले आले. त्यांच्यामागून लाल रंगाच्या खुंट्या आल्या. एक माणूस विहिरीची खोली मोजून गेला, एक जण घरांवर चुन्यानं आकडे घालून गेला. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सकाळी उठावं तर काल नव्हती तिथं खुंटी दिसे. सयाजीचा मळा ओढ्यापलीकडे, थांब्यापासून चांगला लांब. त्यातही एके दिवशी चार खुंट्या आल्या. सयाजी सुभद्राबाईंच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या वयनी, आनखी दहा तिकिटं काढा. आमच्या मसनवाटीचं तेवढं ऱ्हायलंय."

त्याच दिवशी त्या मला सोबत घेऊन साहेबांच्या फलाटाजवळच्या तंबूवर गेल्या. सगळं सांगितलं. पाळी, यादी, काही लपवलं नाही.

साहेब रागावले नाहीत. तेच मला जास्त भयंकर वाटलं. "तिकीट विकलं गेलं म्हणजे उतारू झाला, बाई. नकाशा वर गेलाय. आता तो पुसायचा, तर तुमचं म्हणणं मला लिहून द्यावं लागेल. दिलं, की हा थांबा महिन्याभरात बंद. बोला, लिहू?"

त्यांनी टाक दौतीत बुडवला.

तंबूच्या दारातून फलाट दिसत होता. दुपारच्या गाडीनं परतलेल्या बाया रिकाम्या पाट्या काखेत धरून हसत उतरत होत्या. त्यांत सयाजीची बायकोही होती, सातवा महिना लागलेली. सुभद्राबाई तिकडेच बघत होत्या. टाकाच्या टोकावरचा थेंब कागदावर पडला.

"नगं," त्या म्हणाल्या.

परतताना लाल खुंट्या चुकवत आम्ही बांधावरून चाललो होतो. पुढच्या पावसाआधी त्यांचा मळा गेला, विहीर बुजली आणि सयाजीचं अर्धं रान गेलं. पाळ्यांची यादी माझ्याच अक्षरातली होती, पण मला कुणी बोललं नाही. बोल लागला तो त्यांनाच.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मी निवृत्त झालो. सुभद्राबाई देहूरोडला भाड्याच्या खोलीत राहतात आणि दुसऱ्यांच्या मळ्यातली भाजी विकत घेऊन बाजारात बसतात.