बंद तोंड

आमच्याकडे तोंड मिटून 'हूं हूं' करणाऱ्या माणसाच्या गालात तंबाखू किंवा गुटखा असतो, हे सगळे धरूनच चालतात. समोरचा जरा थांबतो, तो पिंक टाकून येतो आणि बोलणं पुढं सरकतं.

मी एका बँडमध्ये हेवी मेटल गातो. वडगाव रासाईत याला घशातून गुरगुरणं म्हणतात, आणि मीही आता वाद घालत नाही. रांजणगावला कंपनीत जाताना हेल्मेटची काच खाली ओढून सराव करायचो. आधी ओठ फुरफुरवायचे, मग पोटातून हवा सोडायची, गळ्यावर जोर येऊ द्यायचा नाही. नीट जमलं तर काही दुखत नाही. माझा घसा बसला तो गाण्यानं नाहीच, मशीनच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलल्यानं. रविवारी पुण्यात आमच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम होता. शिरूरचे डॉक्टर म्हणाले, तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

हे मी मोबाइलवर लिहिलं आणि वडिलांनी आईला वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला. केडगावच्या मामानंही 'घसा धरलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय' असंच सांगितलं होतं. खरं बाहेर आलं तेव्हा गुटख्यानं त्याचा गळा आतून खाल्ला होता.

त्यानंतर माझ्या पँटचे खिसे उलटे दिसू लागले. मोरीत मिठाच्या गुळण्या केल्या की आई मागोमाग येऊन पाण्याचा रंग बघायची. संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं, कारण तो मलाही चढला. घशासाठी चघळायला डबीत ठेवलेलं ज्येष्ठमध गायब झालं तेव्हा मला वाटलं, हिला माझा रविवार मोडायचाय. तिनं दिलेला काढाही मी आधी हुंगून बघायला लागलो. सख्ख्या आईच्या हातचा काढा!

शनिवारी सकाळी तिनं मला ओट्यावर अडवलं. मी गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली.

"तुझ्या मामानंबी अशीच घेतली हुती," ती म्हणाली. "गालात पुडी ठिवून. आ कर."

विकत घेण्याआधी मेंढ्याचे दात बघतात तसा तिनं माझा जबडा धरला आणि तोंड उन्हाकडं वळवलं. दोन्ही गालांतून बोट फिरवलं, बोट हुंगलं. काही सापडलं नाही, तरी तिनं जबडा सोडला नाही.

"मंग आवाज कुठं गेला तुझा? त्याचाबी आदी आवाजच गेला."

माझं टाळकं फिरलं. तिचा हात झटकला आणि होता नव्हता तेवढा दम लावून गुरगुरलो. कोंबड्या फडफडत गोठ्यात पळाल्या. सुजलेल्या घशात मिरची चोळल्यासारखी आग उठली.

आई दचकली नाही. कान देऊन ऐकत राहिली.

"त्याला शेवटी हाकबी मारता येत न्हवती रं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आजून येकदा वरड."

आत काहीतरी सोललं गेलं होतं. रविवार हातचा गेला, हे मला कळून चुकलं होतं. मला तिचा राग आला, मेलेल्या मामाचाही आला. मी पोटात हवा भरून घेतली आणि पुन्हा ओरडलो.