पुस्तकाशिवाय दुसरं बोलायचं नाही

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मोठीनं विचारलं, "आजी, मला तुझ्या पुस्तकांच्या ग्रुपमध्ये घेशील?" मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ग्रुपमध्ये नव्यानं येणाऱ्याला आधीचे मेसेज दिसत नाहीत. ती ज्या दिवशी येईल, तिथून पुढचं तेवढं तिला दिसेल, आणि त्यातलं निम्मं कळणार नाही. म्हणून आधीचं लिहून पाठवते आहे. धाकट्याला आईनं वाचून दाखवावं. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं, नोकरीभर मी तेच शिकवलं. पण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्या माणसांचं बोलणं इंग्रजीत नेलं तर ती माणसं राहणार नाहीत.

ग्रुप सुरू झाला टाळेबंदीत, मंचरचं वाचनालय बंद पडलं तेव्हा. जवळ असलेली पुस्तकं एकमेकांना सांगावीत, जमल्यास पाठवावीत, एवढाच विचार होता. नियम मी घातले. दर रविवारी एक पुस्तक सुचवायचं. शेवट सांगायचा नाही. पुस्तकाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. सूर्योदयाची चित्रं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, देवाचे फोटो, सगळं मी काढून टाकत असे. जुन्नरकडच्या आळे गावचे एक टोमॅटोवाले शेतकरी आहेत, ग्रुपमध्ये सगळे त्यांना आळेकरच म्हणतात. ते फक्त रहस्यकथा वाचतात आणि "खून लई उशिरा झाला" अशी तक्रार करतात. त्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, ह्यो ग्रुप हाय का परीक्षेचा हॉल? पाणी प्यायला उठलं तर चालंल ना?" मी त्यांना कळवलं, की पाणी प्यायला हरकत नाही, फक्त त्याचा फोटो टाकू नये.

मला या ग्रुपची गरज का होती, तेही सांगते. तुमचा बाबा शाळेत असताना आम्ही दोघं एकच पुस्तक वाचत असू. तो दुपारी, मी जेवणं आटोपल्यावर. खुणेला दोन वेगळ्या काड्या असत, आणि त्याची काडी पुढे गेलेली दिसली की मला स्वस्थ बसवत नसे. पुढे तो शिकायला गेला, मग तिकडचाच झाला, मग तुम्ही झालात. आता आपण फोनवर बोलतो ते थंडीबद्दल आणि जेवणाबद्दल. तुम्ही काय वाचता, कुठल्या पानावर हसता, हे मला माहीत नाही. मला काय आवडतं हे तुम्हालाही माहीत असायचं कारण नाही. त्याची रुखरुख रोज लागते.

ग्रुपमध्ये भीमाशंकरच्या वाटेवरच्या शिनोलीच्या पुढच्या एका वाडीतल्या बाई आहेत. शिक्षण सातवीपर्यंत, भाताची थोडी शेती. टाइप करायला वेळ लागतो म्हणून त्या बोलूनच मेसेज पाठवतात. पुस्तक कोणतंही सुचवा, त्यांचा प्रश्न ठरलेला: "त्यात माणसं जेवत्यात का?"

सुरुवातीला मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी समजावून सांगितलं, "न्हाई मॅडम, खरंच इचारते. पार दोनशे पानं झाली तरी कुणी चूल पेटवत न्हाई, कुणी भाकर खात न्हाई. मंग मला ती माणसं खरी वाटत न्हाईत."

त्या दिवसापासून मी पुस्तकं तशी पाहू लागले. माझ्या आवडीच्या कितीतरी कादंबऱ्यांत कोणी जेवत नाही, हे मला तोवर दिसलं नव्हतं. त्यांच्यासाठी निवडलेलं पुस्तक मी भीमाशंकरच्या एसटीत कंडक्टरकडे देत असे. शिनोलीच्या स्टँडजवळच्या दुकानात ते उतरे, तिथून त्या नेत.

एकदा पुस्तकं परत करायला त्या स्वतः मंचरला आल्या. मी स्टँडवर गेले. पहिल्यांदाच भेटत होतो, तरी आवाज ओळखीचा होता. बाकावर बसल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. "एक नंबर हाय. त्यो ग्रुपात घ्या."

"कोणाचा?"

"माझ्या लेकीचा."

लेकीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. वडिलांनी तिचं नाव घरात घ्यायचं बंद केलं, आणि बाईंकडून शब्द घेतला, की तिला फोन करणार नाही, तिच्याशी बोलणार नाही. "घरात धुसफूस नगं म्हणून दिला शब्द," त्या म्हणाल्या. "त्यो मी मोडणार न्हाई. पण ग्रुपात मी सगळ्यांशीच बोलते की. त्यात कोण कोण हाय, मला काय ठावं?"

मी विचारलं, "आणि तिकडं ती काय बोलेल?"

"पुस्तकाबिगर दुसरं बोलायचं न्हाई, असा तुमचाच नियम हाय ना? पुस्तकाचंच बोलंल."

मी नंबर घातला आणि मुलगी ग्रुपमध्ये आली. नवीन माणसानं गाव आणि आवडतं पुस्तक सांगायचं असतं. तिनं लिहिलं, "सध्या मुक्काम कोल्हापूर. लहानपणी आईनं जत्रेतून एक गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. नाव आठवत नाही, कारण पहिली पानं फाटलेली होती. तेच सगळ्यात आवडतं."

संध्याकाळी बाईंचा आवाज आला. "असलं पुस्तक आमच्याकडं बी व्हतं. अजून हाय. पत्र्याच्या पेटीत ठिवलंय."

बाकीच्यांना यात काही वाटलं नाही. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला.

पुढे दर रविवारी असंच चाललं. मुलगी पुस्तक सुचवताना शेवटी हटकून लिही, "यात जेवणखाण भरपूर आहे." बाई म्हणत, "मॅडम, हे मिळंल का?" आणि मी ते कुठून तरी मिळवून शिनोलीला पाठवी. एकदा बाईंनी एका प्रवासवर्णनाचं कौतुक करताना सांगितलं, की त्या लेखकासारखं थंडीत उघड्या डोक्यानं फिरू नये, कान दुखतात. मुलीनं उत्तर दिलं, "मी वाचताना कान झाकून घेतले." आळेकर म्हणाले, "ह्या दोघी वाचत्यात का डॉक्टरकी करत्यात राव?"

मला या दोघींचा हेवा वाटे, हे लिहायला हरकत नाही. त्यांना बोलायची बंदी होती आणि तरी एक दुसरीची आवड ओळखून पुस्तक निवडत होती. मला तर कोणीच बंदी केलेली नव्हती.

मग एका रविवारी मुलीनं विचारलं, "गरोदरपणात काय खावं, काय जपावं, याचं चांगलं पुस्तक कोणी सुचवेल का?"

एक-दोघींनी पुस्तकं सुचवली. दुसऱ्या दिवशी बाईंचा लांबलचक मेसेज आला. त्यात पुस्तकाचं नाव नव्हतं. सकाळी नाचणीची पेज घ्यावी, जड उचलू नये, एकटीनं विहिरीवर जाऊ नये, रडू आलं तर रडून घ्यावं, पण उपाशी झोपू नये. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि बाई सावकाश, एकेक गोष्ट सांगत होत्या.

आळेकरांनी मला पकडलं. "मॅडम, ह्यात पुस्तक कुठं हाय? आमचा पाऊसपाण्याचा मेसेज तेवढा उडवता व्हय?"

मी लिहिलं, "हा राहू द्या." त्यांनी नंतर कधी तो विषय काढला नाही. त्यांनाही लेक आहे.

दिवस भरत आले तसे मुलीचे मेसेज थांबले. एक रविवार गेला, मग आणखी काही. बाई रोज संध्याकाळी एवढंच विचारत, "कुणी पुस्तक सांगितलं का?" कोणी तरी सांगे. त्या "बरं" म्हणत. ते कसलं पुस्तक, त्यात माणसं जेवतात का, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे मुलीचा नंबर होता. फोन करावा असं मनात येई. पण त्यांनी मला ते काम दिलं नव्हतं, आणि वाईट काही ऐकावं लागलं असतं तर ते त्यांच्यापर्यंत न्यायची माझी हिंमत नव्हती.

एका दुपारी मुलीचा मेसेज आला. "तान्ह्या मुलीला दाखवायला ठळक चित्रांचं पुस्तक कोणाला माहीत आहे का?"

थोड्याच वेळात मला अनोळखी नंबरवरून फोन आला. घरात कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून बाई शेजारणीच्या फोनवरून बोलत होत्या. "मॅडम, वाचलं का तुमी?"

"वाचलं."

"मुलगी, असंच लिवलंय ना? आन तिनंच लिवलंय. म्हंजी दोघी बी बऱ्या हायत. असाच अर्थ व्हतो ना त्येचा?"

"हो. असाच होतो."

"नीट वाचा वो पुन्यांदा."

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "चित्रांचं पुस्तक घ्या एक. पैशे मी देते. पाठवणाऱ्याचं नाव टाकू नगा." आळेकरांना कसं कळलं कोण जाणे, त्यांनीही एक माझ्याकडे पाठवलं, वाघाचं. तान्ह्या मुलीला वाघ कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडची पोरं बिबट्याला भीत न्हाईत. तिला सवय लागू द्या."

आता मोठीला सांगते: तू ग्रुपमध्ये येशील, तेव्हा गाव आणि आवडतं पुस्तक लिही. गाव कोणतं लिहायचं ते तू ठरव. आवडतं पुस्तक खरं खरं लिही. माझं मन राखायला मराठी लिहू नकोस, इंग्रजी असलं तरी चालेल. मी ते मिळवून वाचीन. सावकाश वाच म्हणालीस तर सावकाश वाचीन, म्हणजे तू माझ्या पुढे राहशील. शिनोलीच्या बाई तुला विचारतील, की त्यात माणसं जेवतात का. त्याचं उत्तर नीट बघून दे. आणि या पत्रातलं कोणापाशी बोलू नकोस.

मायलेकींची अजून भेट झालेली नाही. वडिलांनी हट्ट सोडलेला नाही आणि बाईंनी शब्द मोडलेला नाही. ग्रुपमधली काही माणसं निघून गेली, वाचनालय उघडलं तसं काहींचं लक्ष उडालं. तरी दर रविवारी त्या दोघी एकेक पुस्तक सुचवतात, आणि एकीनं सांगितलेलं दुसरी वाचते.